डोकं वळतं का

२ फेब्रुवारी

फुटपट्टी,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. मग खोडलेलं दिसायला नको म्हणून कागदच बदलला. हा तिसरा कागद आहे, निदान त्याचा मान राख आणि लगेच फाडू नकोस. फोनवर तू मला बंद केलंस, ठीक आहे. पोस्टमनला बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही.

मी कुठे आहे ते तुला कुणीतरी सांगितलंच असेल. लाकडाच्या वखारीमागे भटक्या जनावरांचा दवाखाना आहे, तिथे. सहा खोल्या, एकोणीस कुत्री, एक आंधळं गाढव आणि मी. आमच्या ड्रेसरमामांच्या हिशेबात गाढवं दोन. हे मामा चाळीस वर्षं जनावरांच्या जखमा बांधतायत, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही आणि मला 'अर्धा डॉक्टर' म्हणतात. हाक मारताना जोर 'अर्धा'वर. डॉक्टरबाई फक्त सोमवारी आणि गुरुवारी येतात. बाकीचे पाच दिवस राज्य आमचं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा एक कुत्री आली. उसाच्या कांड्यासारखी सडपातळ, तपकिरी, गळ्यात सुतळीचा तुकडा. मामांनी नाव ठेवलं सुतळी. टेम्पोने पाठीवर धक्का दिलाय. पुढून पाहिलं तर अख्खी कुत्री, मागून पाहिलं तर ओलं पोतं. बरगड्या संपतात तिथे एक मणका सरकलाय. बाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाल्या, "तीन आठवडे. मागच्या पायात जाणीव आली तर ठेवू, नाहीतर निजवू."

मी लगेच आर्टरीच्या चिमट्याने तिच्या मागच्या पंजाचं बोट दाबलं. आणि तिने पाय ओढला! स्वच्छ ओढला!

आठवतं का काही? तिसरं वर्ष, क्लिनिकचा हॉल, टेबलावर असंच पाठ मोडलेलं एक काळं कुत्रं. सरांनी बोट दाबलं, त्याने पाय ओढला. मी म्हटलं, सर, याला जाणवतंय, तुम्ही जाणवणारं जनावर मारताय. सर हसले. अख्खा वर्ग सोडून त्यांनी तुलाच विचारलं, "हे काय आहे?" आणि तू, माझ्या शेजारी उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "रिफ्लेक्स, सर."

दोन शब्द. त्यातला एक 'सर'.

त्यापुढचं तुला ठाऊक आहे. ट्रे माझ्या हातून सुटला, कपाटाची काच गेली, मला माफी मागायला सांगितली, मी नाही मागितली. बस. आता मी इथे आहे आणि रोज एक कुत्री माझ्यासमोर पाय ओढतेय. तुला कळावं म्हणून लिहिलं.

ता. क. तुझी प्रॅक्टिकलची वही चुकून माझ्या बॅगेत आली होती. आहे सांभाळून.

तुझा (रागावू नकोस, पत्राच्या शेवटी असंच लिहितात)
भडका

९ फेब्रुवारी

फुटपट्टी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. खोटं बोललो, होती.

सुतळीचा दिवस सांगतो, म्हणजे माझाही कळेल, कारण माझा दुसरा नाहीच. सकाळी तिचं मूत्राशय दाबून रिकामं करायचं. तिला ते स्वतः जमत नाही. पोटाखाली दोन्ही हात घालून, पिकलेल्या फळाला दाबावं तसं, हलकं पण न लाजता. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडावरची कातडी फाटते. मग पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलायचा आणि आवारात फेरी मारायची. पुढचे पाय जोरात निघतात, मागचे फरफटतात, आणि मी मधे वाकलेला. मामा ओरडतात, "अर्ध्या, नवरीची पाठवणी चाललीय का?"

तिची शेपूट हलत नाही. त्यामुळे सगळा आनंद कानांवर येतो. मी दारात दिसलो की दोन्ही कान असे मागेपुढे करते, जणू कुणी लांबून रुमाल हलवतंय.

माझी खोली वॉर्डला लागूनच आहे. खाट, टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, ती परवा मामांना दिली, इथे बसायला कोण येतं? भिंत इतकी पातळ की पलीकडच्या कुत्र्याची शिंक माझ्या चहात पडते. आईचा रविवारी फोन येतो. ती अजून शेजाऱ्यांना सांगते की मला 'लांब सुट्टी' आहे. दर वेळी विचारते, "संपत आली का रे सुट्टी?" बाबा मागे टीव्हीचा आवाज वाढवतात.

संध्याकाळी तुझी वही काढतो. पान बेचाळीस, मज्जारज्जूचा आडवा छेद. तुझ्यासारखं चित्र कुणाचंच नव्हतं. मधे करडं फुलपाखरू, भोवती पांढरा भाग, त्याभोवती तीन आवरणं, प्रत्येक नाव पट्टी धरून ओढलेल्या रेषेवर. पाठीकडच्या मुळातून बातमी आत येते, पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. पांढरा भाग म्हणजे वरखाली जाणाऱ्या तारांचे जुडगे. सगळं पाठ आहे मला. खाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस: 'दाब पडला की आधी पायाचं भान जातं, मग हालचाल, मग कातडीची जाणीव. सर्वांत शेवटी जाते ती खोल वेदना. परत येताना क्रम उलटा.'

म्हणजे बरं व्हायचं असेल तर आधी दुखायला हवं. हे तू परीक्षेसाठी लिहिलंस की असंच?

केसपेपरवर रोज एक रकाना भरायचा असतो: 'जाणवतं का'. मी रोज बोट दाबतो, ती रोज पाय ओढते, मी रोज लिहितो: हो. बाई आल्या की तो कागद बघतात आणि मान हलवतात. त्यांना एका सकाळी, बाहेरून आणलेली धरून, चाळीस जनावरं बघायची असतात.

एक ओळ लिही. शिवी लिही. काहीही.

भडका

१६ फेब्रुवारी

कमाल आहे तुझी. पंधरा दिवसांत दोन पत्रं, आणि तू दगड. दगडाला तरी शेवाळ येतं.

आज बाईंनी विचारलं, "नक्की जाणवतंय ना? हालचाल तर काहीच दिसत नाही." मी म्हटलं, "रोज तपासतो, बाई. लिहिलंय ना." "मग वाट बघू," म्हणाल्या. माझ्या शब्दावर! तिकडे तुमच्या हॉलमधे माझा शब्द कुणी विचारला नव्हता, इथे त्यावर एक जीव उभा आहे. म्हणजे, उभा नाही, पण कळलं तुला.

मामांशी भांडण झालं. ते म्हणाले, "पाय ओढते म्हणून नाचू नको. म्हैस कापल्यावरही मांस उडतं." मी म्हटलं, तुम्ही चिंध्या बांधा, यातलं तुम्हाला कळत नाही. त्यांनी माझी खुर्ची माझ्या दाराशी आणून ठेवली.

आता दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो.

पुढच्या सोमवारी तीन आठवडे होतात. मी सुतळीला जगवणार आणि त्या दिवशी तुला तार करणार. तार बंद झाली म्हणे. मग पत्रच.

भ.

१९ फेब्रुवारी

फुटपट्टी! फुटपट्टी!

तुझं कार्ड आलं! पोस्टमन फाटकाशी उभा होता आणि मी त्याला मिठी मारली, बिचारा सायकलसकट पडला. कार्डावर नाव नाही, सही नाही, 'कसा आहेस' नाही. फक्त एवढंच:

'पायाकडे नको, डोक्याकडे बघ.'

आणि खाली पट्टीने ओढलेली रेघ. ती रेघ हजार कार्डांतून ओळखेन मी!

दुपारपासून वाचतोय. आधी वाटलं, माझ्या डोक्याबद्दल असेल, आधी स्वतःचं डोकं ठिकाणावर आण, वगैरे. मग वाटलं, पाय म्हणजे मी निघून गेलो तो भूतकाळ आणि डोकं म्हणजे पुढचा विचार, म्हणजे परत ये, असं तर नाही? मामांना दाखवलं (होय, बोलतोय आम्ही, मीच गेलो, खुर्ची घेऊन). त्यांनी कार्ड उलटं करून, सुलटं करून पाहिलं. म्हणाले, "पोरगी कुत्रीबद्दल बोलतेय, येड्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं काय आहे यात? तुझं नाव तरी आहे का?"

नाही. नाव नाही.

पण लिहिलंस ना? मी दोन वर्षं हाका मारतोय आणि तू शेवटी लिहिलंस. आता बिस्किटाचा पुडा घेऊन सुतळीकडे जातो. मामा म्हणाले, तोंडापाशी काहीतरी ठेव आणि तिच्या नकळत मागून दाब. उगाच आपली शंका नको म्हणून. नंतर लिहितो.

२० फेब्रुवारी

बिस्किट मामांनी धरलं होतं. मी मागे बसलो. आर्टरीने बोट दाबलं, कातडी नाही, आतलं हाड.

पाय ओढला गेला. गुडघा दुमडला, पोटाशी आला, नेहमीसारखा. आणि त्याच वेळी मी पहिल्यांदा तिच्या डोक्याकडे पाहिलं.

ती बिस्किट खात होती.

कान हलले नाहीत. डोळा मिटला नाही. चावणं क्षणभरही थांबलं नाही. दुसरं बोट, तिसरं, दुसरा पाय. मामा म्हणाले, "पुरे, पुडा संपला."

तिच्या पायाला माझा चिमटा कळला, पण तो कळला फक्त कंबरेतल्या मज्जारज्जूला. बातमी पाठीकडच्या मुळातून आत आली, करड्या फुलपाखरात एका पेशीने दुसरीच्या कानात सांगितली, पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर पडला: ओढ. वर मेंदूपर्यंत काही गेलंच नाही. जायचा रस्ताच तुटलाय. तुझ्या पान बेचाळीसवर हे सगळं आहे. मला ते पाठ आहे, फुटपट्टी. वीस दिवस मी ते पाठ म्हणत होतो आणि 'हो' लिहीत होतो.

तुझं कार्ड पुन्हा पाहिलं. मी चिमटे काढत राहिलो, आणि शेवटी तू पाय ओढलास. मी मनातल्या केसपेपरवर लिहून टाकलं: हो.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर सोमवारी सुई.

२३ फेब्रुवारी

सांगितलं.

बाई हात धूत होत्या. मी म्हटलं, "बाई, सुतळीच्या कागदावरचं सगळं चूक आहे. मी रिफ्लेक्सला जाणीव लिहीत होतो."

"किती दिवस?"

"सगळे."

"कळत नव्हतं की कळून लिहीत होतास?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. मी म्हटलं, "कळून घ्यायचं नव्हतं."

त्यांनी ओल्या हातांनी केसपेपर घेतला. "मी तुझ्या कागदावर विसंबून एका जनावराला तीन आठवडे ठेवलं. तुझ्याच कागदावर विसंबून उद्या एखाद्याला निजवलं तर?"

आणि मग, फुटपट्टी, का कोण जाणे, मी त्यांना त्या काळ्या कुत्र्याचं सांगितलं. तुला जे ठाऊक आहे आणि मी दोन वर्षं 'ट्रे हातून सुटला' म्हणत गाडून ठेवलं, ते. ट्रे सुटला नव्हता. मी फेकला होता. कपाटात निजवायच्या औषधाची बाटली होती, ती काचेसकट फुटली. दुसरी आणायला मुख्य इमारतीतून चाळीस मिनिटं लागली. त्या कुत्र्याच्या मागच्या भागाला काही कळत नव्हतं, पण पुढचं अंग शाबूत होतं, आणि छातीही फुटली होती, आणि ते चाळीस मिनिटं ओरडत होतं. मी बाहेर पायरीवर बसून स्वतःच्या अपमानाबद्दल रडत होतो. आत त्याचं डोकं तू मांडीवर घेतलं होतंस. दाराच्या फटीतून मी पाहिलं होतं.

बाईंनी केसपेपर खाली ठेवला. मग सुतळीजवळ गेल्या, स्वतः तपासलं. एकदा, दोनदा, चारही बोटं. सुतळी त्यांच्या घड्याळाचा पट्टा चाटत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही नाही."

मामा दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली. सुई ट्रेमधे होती. मी पाहिली आणि या वेळी ट्रेला हात लावला नाही.

म्हटलं, "बाई, तिला दुखत नाहीये. खाते, कान हलवते. घाई कशाची?"

"प्रश्न तिचा नाही, तुझा आहे. दिवसातून तीनदा मूत्राशय, सहा वेळा कूस, जखम झाली तर ती तिला कळणारसुद्धा नाही, तुलाच बघावी लागणार. एक महिना नाही, दहा वर्षं. तू कॉलेज पुरं केलं नाहीस. कागद खरा भरला नाहीस. कशावर ठेवू विश्वास?"

मला भडकायचं होतं. खरंच सांगतो, कानशिलं तापली, हात वर आला होता. पण तो माझा मीच बघितला. हा पाय ओढतोय, असं मनात आलं. डोक्यापर्यंत जाऊ दे.

"विश्वास नका ठेवू," मी म्हटलं. "दर सोमवारी, दर गुरुवारी तुम्ही बघा. एक जखम हाडापर्यंत गेली तर मला विचारूही नका."

बाई मामांकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

मामा म्हणाले, "अर्धा आहे. पण दोन अर्धे मिळून एक होतो कधीकधी."

सुई परत कपाटात गेली. कपाटाची काच शाबूत आहे.

२७ एप्रिल

पट्टी,

दोन महिने लिहिलं नाही. पत्रं लिहायचा हात बरेचदा वर आला. दर वेळी बघितलं की वर काही पोचतंय का, की नुसताच हात. नुसताच होता. आज कारण आहे.

सोबत तुझी वही पाठवतोय.

ती चुकून आली नव्हती. त्या दिवशी काच फुटल्यावर सगळे कपाटाकडे धावले, तेव्हा मी बाकावरून ती उचलली. आठ दिवसांनी ती तपासणीला द्यायची होती, हे मला माहीत होतं, म्हणूनच उचलली. 'रिफ्लेक्स, सर' याचा सूड. नंतर कळलं, तू आठ दिवसांत सगळी चित्रं पुन्हा काढलीस आणि कुणाकडे माझं नाव घेतलं नाहीस. ते नाव न घेणं मी दोन वर्षं प्रेम समजत होतो. बहुधा तुला वेळ नव्हता.

माफी मागतो. वहीची, आणि त्या काळ्या कुत्र्याच्या चाळीस मिनिटांची. कॉलेजात मागितली नव्हती, कारण सगळ्यांना वाटत होतं ती काचेची मागायचीय.

या पत्राला उत्तर नको. हे रुसून म्हणत नाही. आणि यापुढे पोस्टमन तुला माझ्यामुळे त्रास देणार नाही.

एक गोष्ट मात्र वहीत नाही, म्हणून सांगतो. गेल्या आठवड्यात टॉवेल हातात गोळा करत होतो आणि सुतळी उभी राहिली. मग निघाली. मागचे पाय टाकत! मी तीनताड उडालो, मामा हातातलं भांडं टाकून आले. मग मी खाली बसलो, बिस्किट धरलं, मामांनी बोट दाबलं. डोकं वळलं नाही. तरी चालते. बाईंनी समजावलं, असं होतं कधीकधी, मेंदूशी संबंध तुटला तरी कंबरेतला मज्जारज्जू एकटाच पावलं टाकायला शिकतो, रोज कुणी चालवत राहिलं तर. मागचे पाय पुढच्यांना विचारत नाहीत. वळताना पुढचा भाग वळतो, मागचा सरळच जातो आणि ती आपटते. आपल्याला पाय आहेत हे तिला ठाऊकच नाही. ती फक्त बघते की दार जवळ आलं.

आईला सांगितलं, सुट्टी संपली, नोकरी लागली. बाबांनी टीव्ही बंद केला.

संध्याकाळी खोलीत शांत असतं. दुसरी खुर्ची आता मामांकडेच आहे, त्यांना गुडघ्याला बरी पडते. सुतळी भिंतीपलीकडे झोपते. तिची शिंक ओळखू येते.

केसपेपरवर 'जाणवतं का' याच्यासमोर मी रोज 'नाही' लिहितो. त्याखाली एक नवा रकाना मी स्वतः आखलाय. मामांच्या पेटीतली पट्टी घेतली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा रेघ सरळ आली. 'चालली का.'

आज: अकरा पावलं. मग पडली. मग कान हलवले.